‘बक्षिशी नाकारणारा आदर्श सेवक’ हा सन्मान परत घेण्याबाबत

प्रति,
मा. संचालकसाहेब,
सेवासौजन्य व रोखविरहित व्यवहार कार्यालय,
दुसरा मजला, समुद्राच्या अंगाचा जिना,
अलेक्झांड्रिया.

विषय : अर्जदारास दिलेला ‘आदर्श सेवक’ हा सन्मान परत घेऊन शहरभर लावलेली अर्जदाराची चित्रे उतरवण्याबाबत (अर्ज तिसरा).

संदर्भ : १) माझा पहिला अर्ज. २) त्यावर आपला नकार. ३) माझा दुसरा अर्ज. ४) त्यावर आपला नकार, या वेळी शिक्क्यासह.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून खाली सही करणारा अर्जदार विनंतीपूर्वक निवेदन करतो की :

१. मी, बयूमी अब्दुल-मौला, वय अठ्ठावन्न, अन्फूशीच्या धक्क्याजवळील ‘नौरस’ कहवाखान्यात एकतीस वर्षे वेटर आहे. आपण मला ओळखता. ओळखत नसल्यास, आपल्याच जिन्यात पहिल्या वळणावर पुरुषभर उंचीच्या चित्रात उजवा हात पुढे करून कुणाला तरी दूर लोटणारा जो इसम आहे, तो मीच. मागच्या वेळी अर्ज द्यायला आलो तेव्हा पहारेकऱ्याने मला नेमके त्या चित्राखाली अडवले आणि ओळखपत्र मागितले. चित्रात माझी मिशी काळी आहे. ती आपल्या छायाचित्रकाराने केली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. सनिय्याला, म्हणजे माझ्या पत्नीला, ती आवडली आहे.

कहवाखान्याचे मालक हज्ज मुतवल्ली मला दुपारचे जेवण, हवा तितका चहा आणि ‘आपला बयूमी’ ही पदवी देतात. पगार देत नाहीत. आमच्या धंद्यात पगार नसतोच. वेटरचे घर बक्षिशीवर चालते. हे मी सुरुवातीलाच लिहितो, कारण पहिल्या दोन अर्जांत लाजेपोटी लिहिले नव्हते, आणि आपल्या कार्यालयाचा असा समज झालेला दिसतो की मी वाऱ्यावर जगतो. अलेक्झांड्रियात वारा भरपूर आहे, हे खरे.

२. रीत आपणास ठाऊकच असणार, परंतु आपल्या फायलीस ठाऊक नाही असे दिसते. म्हणून नोंदीसाठी लिहितो. गिऱ्हाईक उठते. नोट घडीवर घडी घालून तळहातात दडवलेली असते. ते हात पुढे करते, मी हातात हात देतो. कागद लागताच मी तो हात मागे लोटतो आणि म्हणतो, “राहू द्या बाशा, घर तुमचंच आहे.” ही पहिली वेळ. हात पुन्हा पुढे येतो. मी पुन्हा लोटतो, या खेपेस अर्धे पाऊल मागे सरतो आणि म्हणतो, “तुम्ही आलात, त्यात सगळं आलं.” ही दुसरी. मग गिऱ्हाईक मला देवाची शपथ घालते, नोट माझ्या जाकिटाच्या खिशात कोंबते, आणि त्या वेळी मी समुद्राकडे पाहतो. ही तिसरी. समुद्राकडे अशासाठी, की नोट केवढी आहे ते मला दिसू नये आणि मला दिसले नाही हे त्याला दिसावे. मोठी असो वा लहान, दोघांचीही मान वर राहते. जिथे समुद्र नाही तिथले वेटर कुठे पाहतात, याची मला कल्पना नाही.

एकतीस वर्षांत हे प्रकरण कधी चौथ्या वेळेपर्यंत गेले नाही आणि दुसऱ्या वेळेवर कधी थांबले नाही. फक्त एकदा दमन्हूरचा एक कापूसव्यापारी गाडीच्या घाईत दुसऱ्या वेळेनंतर निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो दमन्हूरहून परत आला, कारण ही हकीकत ऐकून त्याच्या आईने त्याला जेवायला वाढले नव्हते.

३. बक्षिशीबद्दल लोकांचे विचार हल्ली बदलत चालले आहेत आणि ते बदलूच नयेत असे माझे म्हणणे नाही. आमच्याकडे लुब्ना नावाची समाजशास्त्र शिकणारी मुलगी येते. तिने एकदा मला समोर बसवून पाऊण तास समजावले की बक्षिशी हा कामगाराचा अपमान आहे, ती घेणारा हात कायम खाली राहतो, आणि वेटरला पोटभर पगार देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. तिचे सगळे म्हणणे मला पटले. हज्ज मुतवल्लींना मात्र ऐकू गेले नाही. ते त्या वेळी शेजारच्याच खुर्चीत होते. तिने माझा अपमान होऊ नये म्हणून काहीच न देता मोबाइलवर मला पाच तारे दिले. ते घरी जाऊन सांगितले तेव्हा सनिय्याने विचारले की हे वाफवायचे की तळायचे. तरीही मी लुब्नाला दोष देत नाही. ती निदान समोर बसून बोलली.

४. मूळ दुखणे यंत्राचे आहे. हज्ज मुतवल्लींचे जावई, इंजिनिअर हैसम, परदेशी सहा वर्षे राहून आले आणि त्यांनी ‘नौरस’मध्ये रोख बंद करून पैसे घेण्याचे यंत्र आणले. हे यंत्र मी गिऱ्हाइकापुढे धरायचे. कॉफीचे पैसे कापले गेले की यंत्र विचारते, सेवकास बक्षिशी द्यायची का? खाली दोन बटणे येतात. उजवीकडचे हिरवे दाबले की बक्षिशी मिळते. डावीकडचे लाल हे वेटरसाठी आहे. एखाद्या वेटरला बक्षिशी नाकारायची असेल तर सोय असावी, म्हणून. असा वेटर जगात कुठे असतो, हे इंजिनिअरसाहेबांना त्या वेळी कुणी विचारले नाही. मला वाटते विचारायला हवे होते.

पहिल्याच दिवशी रय्यस इद्रीस आले. हे मासेमारी बोटीचे निवृत्त तांडेल आहेत, पंचवीस वर्षे रोज त्याच खुर्चीत बसून मध्यम साखरेची कॉफी घेतात. त्यांनी हिरव्या बटणाकडे बोट नेले. महोदय, एक उदार हात माझ्या दिशेने येताना मी पाहिला. पुढचे माझ्या हाताने केले, मी नाही. मी म्हणालो, “राहू द्या रय्यस,” आणि एकतीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात बाजूला लोटला. त्यांचे बोट सरळ लाल बटणावर गेले. यंत्रातून एका बाईचा आवाज आला की सेवकाने बक्षिशी नाकारली आहे, आपला दिवस आनंदात जावो. आणि व्यवहार बंद झाला. एकदा बंद झालेला व्यवहार पुन्हा उघडत नाही. त्या बाईला दुसरी वेळच ठाऊक नाही, मग तिसरी कुठून असणार?

त्या दिवशी हे चौदा गिऱ्हाइकांच्या बाबतीत झाले. पुढचे दहा महिने होत राहिले.

५. मी काहीच केले नाही असे आपणास वाटू नये, म्हणून केलेले उपाय लिहितो.

पहिल्यांदा मी डावा हात पाठीमागे बांधून उजव्या हातात यंत्र धरले आणि तोंड घट्ट मिटले. रय्यस इद्रीस यांनी हिरवे बटण दाबले, बक्षिशी मिळाली, आणि ते माझ्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, “बयूमी, एकदाही नाही म्हणाला नाहीस. माझ्यावर रागावलायस का?” आणि नऊ दिवस आले नाहीत. दहाव्या दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीसमोर दोनदा नाही म्हणून आलो, तेव्हा कुठे समेट झाला.

मग असे ठरले की तोंडाने नाही म्हणायचे, पण हात आवरायचा. त्यासाठी सनिय्याने माझ्या सदऱ्याची बाही ॲप्रनला शिवून टाकली. नकाराची वेळ आली तेव्हा बाही फाटली नाही, शिलाई पक्की होती. मी कोपराने लाल बटण दाबले.

तिसरा उपाय इंजिनिअर हैसम यांनीच केला, त्याबद्दल त्यांचे आभार. मी विनंती केली की नकार देणे हे माझ्याऐवजी यंत्रानेच करावे. त्यांनी त्या बाईच्या जागी स्वतःचा आवाज घातला. आता यंत्र पहिल्यांदा “राहू द्या बाशा” आणि दुसऱ्यांदा “तुम्ही आलात, त्यात सगळं आलं” असे म्हणू लागले. अडचण अशी झाली की यंत्र इतके सभ्य बोलते आहे म्हटल्यावर गिऱ्हाइकेही त्याच्याशी सभ्यपणे वागू लागली. ती त्याला शपथा घालू लागली, आणि खिशात चुकूनमाकून राहिलेल्या नोटा घडी घालून यंत्राच्या ज्या फटीतून पावती येते तिथे कोंबू लागली. रय्यस इद्रीस तर नोट कोंबताना समुद्राकडे पाहत, यंत्राला संकोच वाटू नये म्हणून. चार दिवसांत यंत्राचा घसा बसला. दुरुस्तीला आलेल्या माणसाने ते उघडून आतला लगदा चिमट्याने काढला, आणि त्याला बक्षिशी द्यायला गेलो तर तो दोनदा नाही म्हणाला. तिसऱ्यांदा त्याने घेतली. मला इतके बरे वाटले की मी त्याला फुकट चहा पाजला. पण यंत्रात पुन्हा बाई आली.

या दहा महिन्यांत माझे घर चालले ते जुन्या गिऱ्हाइकांमुळे. यंत्राने नाही म्हटले की ती यंत्राआडून माझ्या खिशात हात घालत. रीत जिवंत होती, फक्त थोडी लपून होती. माझ्या पोटापुरते म्हातारे उरले होते.

६. आता आपल्या भेटीविषयी. यंत्राची नोंद आपल्या कार्यालयात जाते, हे मला माहीत नव्हते. त्या नोंदीत असे आले की अन्फूशीच्या एका वेटरने दहा महिन्यांत चार हजारांहून अधिक वेळा बक्षिशी नाकारली आहे. साऱ्या देशात मिळून इतर वेटरांनी एकूण तीन वेळा नाकारली होती, आणि त्यांतल्या दोन वेळा यंत्रावर चहा सांडला होता. आपण हे वाचून भारावलात, हे मी समजू शकतो. मीही भारावलो असतो.

सप्टेंबरात आपण छायाचित्रकार घेऊन आलात. मध्यम साखरेची कॉफी प्यायलात, पेल्याच्या तळाशी गाळ तसाच ठेवलात, यावरून माणूस घरंदाज आहे हे मला कळले. निघताना आपण हात पुढे केलात. महोदय, आपल्या तळहातात नोट होती. घडीवर घडी घातलेली होती. मला कागद कळतो. रोखविरहित व्यवहार कार्यालयाचे प्रमुख असूनही आपण नोट बाळगता, हे पाहून मला आपल्याविषयी आदर वाटला. हे मी आजवर कुणाला सांगितलेले नाही, फक्त या अर्जात लिहिले आहे.

मी म्हणालो, “राहू द्या बाशा, घर तुमचंच आहे.” आपण पुन्हा हात पुढे केलात. मी अर्धे पाऊल मागे सरलो आणि म्हणालो, “तुम्ही आलात, त्यात सगळं आलं.” त्याच क्षणी छायाचित्रकाराने चित्र काढले. मी समुद्राकडे तोंड वळवले आणि थांबलो. बराच वेळ थांबलो. एक बोट बंदरात शिरून नांगर टाकेपर्यंत थांबलो. मग मान वळवून पाहिले, तर आपण नोट स्वतःच्या खिशात परत ठेवली होती आणि रुमालाने डोळे पुसत होता.

आपण सर्वांना उद्देशून म्हणालात, “पाहिलंत? हा हात विकत घेता येत नाही.” कहवाखान्यात डॉमिनोची एक सोंगटी तेवढी पडली. रय्यस इद्रीस यांनी हळूच विचारले, “आणि तिसरी वेळ?” पण तोवर लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली होती.

आपण कित्येक वर्षे उत्तरेकडच्या एका थंड देशात शिकायला होता असे कळते. तिकडे माणूस एकदा नाही म्हणाला की ते नाहीच असते म्हणे. मग तिकडचे पाहुणे जेवतात कधी, असा मला प्रश्न पडला. त्यामुळे घडल्या प्रकारात मी आपला दोष मानत नाही. मीच हात पुढे केला, मीच लोटला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

७. सन्मानानंतर जे घडले ते असे. ट्रामच्या थांब्यांवर, टपाल कचेरीत, मासळीबाजाराच्या कमानीवर माझे चित्र लागले. खाली मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, ‘हा बक्षिशी घेत नाही. आपणही देऊ नका.’ दुसऱ्या दिवशी मी कॉफी घेऊन गेलो तर गिऱ्हाइके खुर्चीतून उठून उभी राहिली. उठताना हात पुढे करण्याऐवजी त्यांनी तो स्वतःच्या छातीवर ठेवला, मान लववली आणि दुवा दिला. दुव्याचे काय करायचे हे मला कळते, मी तो सनिय्यापर्यंत पोचवतो. पण रोज पन्नास-साठ दुवे घेऊन जाणारा नवरा घरात किती दिवस चालतो, हे मी सांगायला नको, आपणही संसारी आहात.

रय्यस इद्रीस यांनाही मी वेगळे काढून स्पष्ट सांगितले की हा गैरसमज आहे. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “मला माहीत आहे रे. पण सरकारनं लिहिलंय. मी दिलं आणि कुणी पाहिलं तर तुझा सन्मान जाईल. पंचवीस वर्षांत मी तुझं वाईट केलं नाही, आता करू?” महोदय, शत्रूशी दोन हात करता येतात. जो माझ्या भल्यासाठी मला उपाशी ठेवतो, त्याला मी काय म्हणू? तोंड दाबून बुक्क्यांचा मार आहे हा.

इतर वेटरांनी माझ्याशी बोलणे सोडले आहे, कारण त्यांची गिऱ्हाइके आता माझे उदाहरण देतात. एक बाई आपल्या मोठ्या मुलाला घेऊन आल्या. तो जकात खात्यात लागणार होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवावा, म्हणजे तो प्रामाणिक राहील, अशी त्यांची इच्छा होती. मी हात ठेवला. तेव्हा त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की जरा हलकाच ठेवा, त्याचे लग्न व्हायचे आहे.

घेणे बंद झाले एवढेच नाही, आता मला देताही येत नाही. न्हाव्याला बक्षिशी द्यायला गेलो तर तो दोनदा नाही म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला, चौथ्यांदा खुर्चीमागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, “तुमच्याकडून? माझ्या दुकानात तुमचं चित्र आहे.” गॅसवाला चार मजले सिलिंडर खांद्यावर चढवून आणतो. त्याने दारात मला पाहिले, ओळखले, आणि माझ्यापुढे लहान वाटून घ्यायला नको म्हणून काही न घेता उतरून गेला. पुढच्या महिन्यापासून तो आमच्या इमारतीखाली थांबून सिलिंडर पान्याने बडवतो आणि वर येत नाही. लहान वाटण्यापेक्षा त्याला खालीच बरे वाटते. या विषयावर पत्नीचे निवेदन आहे, ते तिच्याच शब्दांत देतो : “चार मजले सिलिंडर चढवायला तो फोटो पाठवा. हात पुढे करून उभाच आहे.” भीक नको पण कुत्रे आवर, अशी माझी गत आहे, सन्मान नको पण फोटो आवरा.

आणखी एक गोष्ट आहे, जी लिहावी की नाही यावर मी दोन अर्ज घालवले. गेल्या पाच महिन्यांत माझा हात कुणी हातात घेतलेला नाही. बक्षिशी जाते म्हणून मला वाईट वाटते, ते पोटासाठी. पण दिवसाकाठी साठ माणसे हातात हात देत होती. कोळ्याचा हात खरखरीत, औषधवाल्याचा गार, शिक्षकाच्या बोटांना खडू. डोळे मिटून मी हातावरून माणूस सांगत असे. नोट ही त्या हाताआड बसलेली पाहुणी होती. आता सगळे हात आपापल्या छातीवर आहेत आणि मी ट्रे धरून मध्ये उभा आहे. मला फार एकटे वाटते, साहेब.

८. रमझान तोंडावर आला आहे आणि त्यामागे ईद. महिनाभर दिवसा कहवाखाना बंद राहील. ईदेच्या तीन दिवसांत कंजूष माणूसही हात सैल सोडतो आणि आम्हां वेटरांचे वर्ष त्या तीन दिवसांवर तगते. त्याच ईदेला माझी मुलगी रिहाम तिची लेकरे घेऊन येते. ती आजोबांपुढे हात पसरतात, आणि लेकरे अजून नाही म्हणायला शिकलेली नाहीत. गेल्या ईदेला मी त्यांच्या मुठीत काहीतरी ठेवू शकलो होतो. यंदा ईदेपर्यंत ती चित्रे राहिली, तर मी लेकरांच्या डोक्यावर प्रामाणिकपणाचा हात ठेवण्यापलीकडे काही करू शकणार नाही, आणि ठेवला तरी हलकाच ठेवीन.

९. माझा पहिला अर्ज आपण ‘विचारात घेता येत नाही’ असे लिहून परत केला. दुसऱ्या अर्जाच्या वेळी खिडकी क्रमांक चारच्या मदाम करीमा यांनी मला स्वतःची खुर्ची दिली आणि म्हणाल्या, “चाचा, सन्मान परत घ्यायचा फॉर्मच नाही आमच्याकडे. द्यायचाच आहे. हवं तर अजून एक देते.” त्या मनाने फार चांगल्या आहेत. मी नको म्हणालो, आणि या वेळी खरोखरच नको होता, त्यामुळे त्यांनी पुन्हा विचारले तेव्हा मला घाम फुटला. दुसरा अर्ज ‘अर्जदाराने याबाबत पुन्हा लिहू नये’ या शेऱ्यासह आणि गोल शिक्क्यासह परत आला.

सनिय्या म्हणाली की सरकारने दोनदा नाही सांगितले, आता तरी गप्प बसा. मी तिला म्हणालो की तू माणसे ओळखत नाहीस. पहिल्यांदा साधे नाही म्हणाले. दुसऱ्यांदा अर्धे पाऊल मागे सरून, शिक्क्यासह म्हणाले. ही चांगल्या घरातली माणसे आहेत. थंड देशात शिकले तरी रक्त इथलेच आहे.

तरी आपणास विनम्र विनंती की,

(अ) माझा सन्मान परत घ्यावा आणि चित्रे उतरवावीत.

(आ) चित्रांचा खर्च झाला असल्याने उतरवणे शक्य नसल्यास, माझ्या नावाखालच्या दोन्ही वाक्यांच्या जागी एवढेच लिहावे : ‘हा दोनदा नाही म्हणतो.’ शहाण्यांना पुरेसे आहे.

(इ) तेही नियमात बसत नसल्यास, आपल्या जिन्यातल्या चित्रातील माझा तळहात तेवढा वर वळवून घ्यावा. ज्याने मिशी काळी केली त्याला हे कठीण नाही.

(ई) यांपैकी काहीच जमण्यासारखे नसेल, तर आपण एकटेच, छायाचित्रकाराविना, ‘नौरस’मध्ये कॉफीला यावे. कॉफी मध्यम साखरेची. बाकीचे मी लिहीत नाही.

महोदय, हा अर्ज मी खिडकीत देणार नाही. मी घडीवर घडी घालून तो लहानसा केला आहे आणि आपण कचेरीतून निघताना आपल्याच हातात देणार आहे. आपण दोनदा नाही म्हणालात, रीत नीट पाळलीत. ही तिसरी वेळ आहे. आपण तो खिशात ठेवाल तेव्हा मी समुद्राकडे पाहत उभा असेन, आणि कुणी विचारले तर मला काहीच दिसले नाही.

उजवा हात पुढे करून,
आपला,
बयूमी अब्दुल-मौला
वेटर, ‘नौरस’ कहवाखाना, अन्फूशी

दिनांक : ९ फेब्रुवारी (शाबानची एकवीस)

सोबत जोडलेले :

१. सन्मानपत्र, मूळ प्रत, चौकटीसह. खिळा भिंतीतून निघाला नाही, तो नंतर देईन.

२. पत्नी सनिय्या हिचे सिलिंडरविषयक निवेदन, वर आलेलेच, परंतु तिने स्वतः लिहून दिलेले व अधिक कडक.

३. मदाम करीमा यांच्यासाठी बसबूसाचा, म्हणजे रव्याच्या मिठाईचा, डबा. त्या नको म्हणतील, तरी खिडकीत ठेवून यावा.

४. सप्टेंबरात आपण घडी घालून पुढे केलेली नोट. ही आपल्याच खिशात असल्याने जोडता आली नाही.